सात शिशाच्या गोळ्या : मेटल डिटेक्टरचा आवाज आणि त्याचा अर्थ

माझ्या वहीत सात वजनं लिहिलेली आहेत. ३१.६, ३१.२, ३०.९, १४.८, १४.५, १३.९ आणि १३.७ ग्रॅम. ही शिशाच्या सात गोळ्यांची वजनं आहेत. मंडळाच्या बैठकीत मी हे आकडे फळ्यावर मांडले आणि त्यावरून गोळ्यांचे व्यास काढून दाखवले. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. मग आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी विचारलं, "इंजिनिअर, वजनं झक्कास काढलासा. पण कुठली गोळी कुठं मिळाली?"

मी म्हटलं, "सर, आमच्या शेतात. गढीच्या खालच्या अंगाला."

"शेत किती एकराचं?"

"चार."

"मग चार एकरांत कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. हा निबंध त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. मेटल डिटेक्टर म्हणजे काय, त्याचा आवाज कसा वाचायचा, यंत्र कसं सांभाळायचं हे मी यात सांगणार आहे, कारण तेवढं मला येतं. पण ते येत असूनही माझ्या हातून जे बिघडलं, तेही सांगणार आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

गव्हाणीपासून सुरुवात

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सीमाभागातल्या साखर कारखान्यात देखभाल विभागात माझी नोकरी गेली. उसाच्या मोळीबरोबर काय काय येतं ते बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. मोडलेला कोयता, साखळीची कडी, ट्रॉलीची पिन, नट-बोल्ट. असला एखादा तुकडा मिलच्या रोलरमध्ये गेला की रोलरचे दात जातात आणि गाळप थांबतं. म्हणून मिलच्या आधी रबरी पट्ट्यावर चुंबक आणि मेटल डिटेक्टर बसवलेले असतात.

तिथं मी पहिला धडा शिकलो. डिटेक्टर वाजला की पट्टा थांबतो आणि माणूस वर चढून पाहतो. कधी कोयत्याचं पातं निघतं, कधी काहीच निघत नाही. काही निघालं नाही की नवीन पोरं म्हणायची, "साहेब, मशीन खोटं वाजतंय." मी त्यांना सांगायचो की मशीन खोटं वाजत नाही, ते कशामुळे तरी वाजतंय. ते कारण उसात आहे, पट्ट्याच्या जोडात आहे, शेजारच्या मोटारीच्या वायरीत आहे की डिटेक्टरच्याच सैल बोल्टात आहे, हे शोधणं आपलं काम.

आवाज येतो कुठून

हौशी लोक वापरतात त्या यंत्रात दांड्याच्या टोकाला एक चकती असते. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात, त्यांना कॉइल म्हणतात. एका कॉइलमधून उलटसुलट प्रवाह सोडलेला असतो. त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरी कॉइल ऐकणारी. दोन्हींची मांडणी अशी केलेली असते की जवळपास धातू नसेल तर ऐकणाऱ्या कॉइलमध्ये जवळजवळ काहीच उमटत नाही. म्हणजे तागडी समतोल आहे.

चकतीखाली धातू आला की त्या बदलत्या क्षेत्रामुळे धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र असतं, ते तागडी बिघडवतं आणि आवाज येतो. हे प्रवाह किती जोरात उठतात आणि मूळ प्रवाहाच्या किती मागे पडतात हे धातूवर, आकारावर आणि जाडीवर अवलंबून असतं. हे मागे पडणं मोजून यंत्र अंदाज बांधतं : लोखंड असेल, पत्रा असेल, तांबं असेल. यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसतो तो या अंदाजाचा. त्याला वस्तूचं नाव समजू नये.

राष्ट्राध्यक्षांची गादी

या समतोलाचं यंत्र डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी त्याची फार मोठी परीक्षा झाली. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून शिरून शरीरात राहिली. डॉक्टर बोटांनी आणि सळईने जखम चाचपत होते, गोळी सापडत नव्हती. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. त्यांनी ह्यूजच्या तत्त्वावर दोन कॉइल बसवल्या आणि आवाज ऐकायला स्वतःचाच टेलिफोन जोडला. मांसाच्या तुकड्यात गोळ्या घालून त्यांनी चाचण्या घेतल्या. अंगात गोळी राहिलेल्या जुन्या सैनिकांवरही यंत्र चालवून पाहिलं. यंत्र चालत होतं.

२६ जुलैला त्यांनी राष्ट्राध्यक्षांवर पहिला प्रयोग केला. टेलिफोनमधून नुसती खरखर आली. कंडेन्सरची जोडणी चुकीची झाली होती, हे नंतर लक्षात आलं. १ ऑगस्टला दुसरा प्रयोग झाला. या वेळी आवाज आला, पण एका जागी येण्याऐवजी मोठ्या पट्ट्यात अंधूक येत राहिला. कारण रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. शिवाय प्रमुख डॉक्टरांचं मत होतं की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध उजव्या बाजूलाच घेतला गेला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला मिळाली.

देखभाल खात्यातल्या माणसाला ही कथा वाचून वाईट वाटतं, कारण यात यंत्राचं तत्त्व कुठंच चुकलेलं नाही. एकदा जोडणी चुकली, एकदा भोवतालचं लोखंड कुणी पाहिलं नाही, आणि कुठं शोधायचं हे आधीच ठरवून टाकलं होतं. आज शेतात यंत्र घेऊन फिरणारा माणूसही याच तीन चुका करतो. मी तिन्ही केल्या.

सुरुंगांचा पट्टा

पुढे दुसऱ्या महायुद्धात या यंत्रावर माणसांचे जीव टांगले गेले. पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी १९४१-४२ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला. वजन चौदा किलोच्या आतबाहेर. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वाळवंटातल्या सुरुंगांमधून वाटा काढायला तो वापरला गेला. कानाला हेडफोन लावलेला सॅपर पुढे आणि त्याच्यामागे अख्खी फौज.

मग समोरच्यानेही उत्तर शोधलं. जर्मनांनी लाकडी पेटीचे सुरुंग पुरायला सुरुवात केली. त्यांत धातू अगदी नावाला, चापाच्या भागापुरता. यंत्र गप्प राहायचं आणि पाय उडायचा. शेवटी सॅपर गुडघ्यावर बसून संगिनीने जमीन टोचत पुढे सरकू लागले. आवाज येणं हा पुरावा असेल, पण आवाज न येणं हा पुरावा नाही. हे वाक्य सुरुंगवाल्यांनी रक्त देऊन शिकलेलं आहे.

बेळगावच्या माणसाला इथं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर दोन जखमी सोबत्यांना दोन खेपांत उचलून आणलं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या घटकेला त्यांच्यापुढं कुणी यंत्र घेऊन वाट काढत नव्हतं.

आवाज कसा वाचायचा

आता शेतातलं सांगतो. निवृत्तीनंतर पुतण्याने परदेशातून येताना एक यंत्र आणून दिलं. पहिले चार दिवस मी फक्त अंगणात बसून ऐकलं. प्रत्येकाने तेच करावं. एका लाकडी फळीवर खिळा, शिशाचा तुकडा, तांब्याचं नाणं, पितळी बटण, औषधाच्या गोळ्यांची रिकामी चांदीची पट्टी आणि सोड्याच्या बाटलीचं बूच चिकटवलं. प्रत्येकावरून चकती फिरवून आवाज आणि आकडा वहीत लिहिला.

लोखंड सहसा खालच्या सुरात वाजतं, तांबं आणि चांदी वरच्या सुरात, शिसं साधारण मधे. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ पुढे सुरू होतो. बाटलीचं बूच लोखंडी पत्र्याचं असतं, पण गोल आणि चपटं असल्यामुळे नाण्यासारखं वाजून फसवतं. वायसर, घोड्याचा नाल, बैलाची पत्री यांचंही तेच. लोखंडाचा मोठा ठोकळा चकतीजवळ आला तर यंत्र गांगरून तांब्याचा सूर काढतं. उलट बारीक सोनं फार दुबळं वाजतं. आमच्या कर्नाटकात चालणारं जुनं सोन्याचं फनम अर्ध्या ग्रॅमच्याही आत भरतं. त्याचा आवाज चांदीच्या पट्टीच्या तुकड्याहून वेगळा ओळखणं यंत्राला जमत नाही.

म्हणून आकड्यापेक्षा आवाजाची ठेवण ऐकायची. चकती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नेताना आवाज सारखाच येतो का? मग नव्वद अंशांत वळून पुन्हा पाहायचं. नाणं किंवा गोळी गोल असल्यामुळे चारी बाजूंनी सारखी वाजते. लांब खिळा आडवा गेल्यास एकदा वाजतो, उभा गेल्यास दोन टोकांना दोनदा. आवाज आखूड आणि ठसठशीत असेल तर वस्तू लहान आणि वर आहे. आवाज पसरट असेल आणि चकती वर उचलली तरी येत राहिला तर वस्तू मोठी आहे : पत्रा, फाळ, नाहीतर बैलगाडीच्या धावेचा तुकडा. आवाज मऊ, पण दर वेळी त्याच जागी येत असेल तर वस्तू लहान आणि खोल. नाण्याएवढी वस्तू चांगल्या जमिनीत वीतभर खोलीपर्यंत लागते. 'दहा फूट खोल सोनं दाखवतो' म्हणणाऱ्या माणसाला चहासुद्धा पाजू नका.

जमिनीचा स्वभावही ओळखावा लागतो. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, पूर्वेला काळं रान. जांभ्यात लोहाची संयुगं भरलेली असतात, त्यामुळे यंत्राला सगळी जमीनच कुजबुजल्यासारखी ऐकू येते. म्हणून सुरुवातीला धातू नसलेली जागा शोधून चकती वर-खाली करत यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यायची. दर शेताला हे पुन्हा करायचं, आणि पाऊस पडून गेल्यावरही. जिथं पूर्वी लोखंड गाळत असत तिथला मळ, भाजलेल्या विटा, काही काळे दगड हेसुद्धा वाजतात.

आणखी एक. शेजारी लोखंडाचा खिळा असेल तर त्याच्या आवाजात नाणं झाकलं जातं. काही जण 'लोखंड ऐकूच येऊ नये' असं बटण दाबून ठेवतात. त्याने त्रास कमी होतो, पण जुन्या वस्तीची खूणच नाहीशी होते. खिळे, कड्या, बिजागऱ्या जिथं दाट वाजतात तिथं कधीतरी घर होतं. इतिहासाच्या दृष्टीने तो लोखंडाचा गोंगाट ही सगळ्यात मोठी बातमी असते.

यंत्राची निगा

एकदा जूनमध्ये यंत्र सगळीकडेच वाजायला लागलं. अर्धा दिवस मला वाटलं, आपण काहीतरी मोठ्यावर येऊन उभे आहोत. छातीत धडधड. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर चकती आणि तिचं प्लॅस्टिकचं कव्हर यांच्यामध्ये ओली तांबडी माती भरलेली, आणि केबल दांड्यावर सैल, दर हेलकाव्याला हलणारी. बेल साहेबांच्या कंडेन्सरची आठवण झाली.

तेव्हापासूनचा माझा नेम असा. रोज निघण्याआधी ती अंगणातली फळी वाजवून पाहायची. कालचे आकडे आणि आजचे आकडे जुळले नाहीत तर शेतात जायचं नाही. केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळायची, पण कनेक्टरपाशी ताण येऊ द्यायचा नाही. परत आल्यावर कव्हर काढून धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. चकती पाण्यात चालत असली तरी वरची पेटी बहुतेक यंत्रांत चालत नाही, तेव्हा पावसात पेटीवर पिशवी बांधायची. कनेक्टरवरचा हिरवा थर कापसाने आणि स्पिरिटने पुसायचा, घासकागद लावायचा नाही. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवायचे. आमच्याकडच्या पावसाळ्यात पाझरलेला एक सेल आख्खी पेटी खातो. उन्हात बंद गाडीत यंत्र ठेवायचं नाही. डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या.

वापरताना मोबाइल लांब ठेवा. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. लोखंडी टोकाचे बूट नकोत आणि खुरपं चकतीपासून दूर असू द्या. विजेच्या मोठ्या तारांखाली आणि चालू मोटारीजवळ ऐकलेलं काहीही खरं मानू नका.

यात मी एक गोष्ट लिहिली नाही, कारण तेव्हा ती मला सुचलीच नव्हती. मी यंत्राचे आकडे रोज वहीत लिहीत होतो. शेतातल्या जागा लिहीत नव्हतो.

माझी चूक

शेत चुलत काकांचं. वरच्या बाजूला पडकी गढी. नांगरताना कधीमधी काही निघायचं, म्हणून काका म्हणाले, "बघ तुझं ते वाजवून." पंधरा दिवस मी फिरलो. जिथं आवाज चांगला तिथं खुरप्याने उकरायचं, मिळालेलं खिशात घालायचं, खड्डा बुजवायचा आणि पुढं. पत्री, खिळे, एक झिजलेला तांब्याचा पैसा आणि या सात गोळ्या. घरी आणून मी त्या ब्रशने घासून चकचकीत केल्या. तीही चूकच. शिशावरचा पांढुरका थर ही त्याची जमिनीतली वर्षं असतात आणि तो थरच पुढची झीज थांबवतो.

मग हिशोब केला. शिशाची घनता ११.३४. एकतीस ग्रॅमच्या गोळीचा व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या जवळ येतो. कंपनीच्या फौजेच्या मस्केटची गोळी साधारण एवढीच असे, एका पौंडात चौदा. चौदा ग्रॅमची गोळी साडेतेरा मिलिमीटरची, म्हणजे बहुधा लहान नळीची बंदूक, तोड्याची असेल किंवा शिकारीची. तीन मोठ्या, चार लहान. मोठ्यांपैकी दोन एका बाजूने चपट्या झालेल्या, म्हणजे कशावर तरी आदळलेल्या. माझी कल्पना धावू लागली. १८१८ मध्ये टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला. १८२४ मध्ये कित्तूरला लढाई होऊन कलेक्टर थॅकरे मारला गेला. या धामधुमीत आमच्या गढीवरही कुणी चालून आलं असेल का?

सरांचा प्रश्न नेमका इथं लागला. चपट्या गोळ्या गढीच्या भिंतीपाशी मिळाल्या असतील तर त्या खालून वर झाडलेल्या. न आदळलेल्या गोळ्या एका ओळीत मिळाल्या असतील तर तिथं माणसं उभी होती. सगळ्या एका हाताच्या अंतरात मिळाल्या असतील तर कुणाची तरी पिशवी पडली, एवढंच. आणि चार एकरांत विखुरलेल्या असतील तर डुकराची शिकार. मस्केट फक्त कंपनीकडेच होत्या असंही नाही, आपल्याकडच्या फौजांतही त्या होत्याच. गोळ्या त्याच, वजनं तीच, पण जागा बदलली की गोष्ट बदलते. जागा मी खुरप्याने पुसून टाकली होती.

एवढ्यावर भागलं नाही. पंधरा दिवस मी कानाला हेडफोन लावून फिरत होतो ते अख्ख्या गावाने पाहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, साहेबांना गढीखाली सोनं लागलं. पुढच्या अमावास्येनंतर सकाळी गढीच्या बुरुजाच्या पायाशी तीन खड्डे दिसले, कमरेएवढे खोल. शेजारी कापलेली लिंबं आणि कुंकू. त्या पावसाळ्यात त्या बुरुजाचा कोपरा ढासळला. काका मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू वाजवलास, अन् त्यांनी खणलं."

जळालेलं कुरण

जागेची किंमत मला ज्या उदाहरणाने समजली ते अमेरिकेतलं आहे. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन लोकांनी कर्नल कस्टर आणि त्याच्याबरोबरच्या सुमारे २१० घोडेस्वारांना ठार केलं. कस्टरबरोबरच्या तुकडीतलं कुणी परत आलं नाही. लढाईत असलेल्या मूळ रहिवाशांनी काय झालं ते सांगितलं होतं, पण गोऱ्या इतिहासकारांनी बरीच वर्षं त्या साक्षींना मान दिला नाही. त्यांना टेकडीवर शेवटपर्यंत लढणारा वीर हवा होता.

ऑगस्ट १९८३ मध्ये त्या मैदानाला आग लागून गवत जळालं आणि जमीन उघडी पडली. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या परवानगीने डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी १९८४ आणि १९८५ मध्ये तिथं सर्वेक्षण केलं. त्यांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना मदतीला घेतलं, पण शिस्त आपली लावली. स्वयंसेवक ठरावीक अंतर ठेवून एका रांगेत चालत. यंत्र वाजलं की त्या जागी झेंडी रोवायची आणि पुढं जायचं. खणायचं नाही. मागून दुसरी तुकडी हलक्या हाताने माती काढून वस्तू उघडी करायची, तीही तिथंच ठेवायची. तिसरी तुकडी मोजणीच्या यंत्राने जागा, खोली आणि वस्तूची दिशा नोंदवायची. त्यानंतरच वस्तू क्रमांकासह पिशवीत.

अशी हजारो काडतुसांच्या पुंगळ्यांची आणि गोळ्यांची नोंद झाली. प्रत्येक बंदुकीच्या पिनेचा ठसा पुंगळीवर वेगळा उमटतो, हे पोलीस तपासातलं ज्ञान त्यांनी वापरलं. त्यामुळे एकच बंदूक मैदानात कुठून कुठं गेली हे नकाशावर दिसू लागलं. सैन्याच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनच्या पुंगळ्या कुठं, आणि समोरच्यांच्या हेन्री आणि विंचेस्टरच्या पुंगळ्या कुठं, हे वेगळं काढता आलं. फॉक्स यांनी त्यावरून मांडलं की सैनिकांची रांग सुरुवातीला काही ठिकाणी शिस्तीत होती, मग ती मोडली, माणसं घोळक्याने एकत्र आली आणि पळापळ झाली. लढाई पाहिलेल्या लाकोटा आणि शायेन लोकांनी सांगितलेल्या हकिकतींशी हे जुळत होतं. शंभर वर्षं ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांचं म्हणणं त्या पुंगळ्यांनी उचलून धरलं. भंगारात एका पुंगळीची किंमत काहीच नाही. तिच्या शेजारी रोवलेल्या झेंडीची किंमत एवढी.

आपण काय करायचं

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते आधी पाहा. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा जमिनीत दडलेल्या मोलाच्या वस्तूंबद्दल आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. कळवायचं काय? वस्तू कोणती आणि किती, कुठं मिळाली, कोणत्या तारखेला मिळाली. न कळवणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. आमच्या कर्नाटकात १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच आहे, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा वेगळा. मला गंमत वाटली ती ही की १८७८ च्या त्या कलमातला दुसरा प्रश्न सरांचाच आहे : कुठं?

इंग्लंडमध्ये हौशी डिटेक्टरवाल्यांसाठी १९९७ पासून नोंदणीची सरकारी योजना आहे आणि तिथं दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. तेव्हा यंत्र घेऊन गढ्या-किल्ल्यांवर फिरण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. ज्यांना खरंच आवड आहे त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या किंवा विद्यापीठाच्या परवानगीच्या कामात स्वयंसेवक म्हणून जावं आणि झेंडी रोवायला शिकावं.

पण नांगराला, पाइपलाइनच्या चरीत, घराच्या पायात वस्तू आपोआप निघतात. त्या वेळी एवढं करा. वस्तू उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. हलणार नाहीत अशा दोन खुणा धरा, विहिरीचा काठ आणि बांधाचा दगड अशा, आणि दोन्हींपासून टेपने अंतर मोजा. किती खोल होती ते लिहा. तारीख लिहा. घासू नका, धुऊ नका. मग तहसील कचेरीला लेखी कळवा आणि पोच घ्या. गावभर सांगू नका.

सात गोळ्या आणि तो पैसा मी अर्जासोबत कचेरीत जमा केला. अर्जात 'मिळाल्याची जागा' असा रकाना मी स्वतःच आखला होता. बरंच आठवून पाहिलं. एक गोळी नक्की आठवली, ३१.२ ग्रॅमची, चपटी. विहिरीच्या वरच्या अंगाला आंब्याखाली, खुरपं मुळाला लागलं होतं म्हणून लक्षात राहिली. परत जाऊन मोजलं. विहिरीच्या काठापासून सतरा मीटर, बांधाच्या कोपऱ्यापासून तेवीस. ते लिहिलं. बाकी सहा रकाने मोकळे ठेवले. अंदाजाने भरावेत असं मनात आलं होतं, पण भरले नाहीत.